चौकट सोडून सारवलेली भिंत

रक्त पिऊन झालं की डासाच्या मादीला फार लांब उडवत नाही. अंग जड होतं. ती जवळच्या भिंतीवर टेकते आणि स्वस्थ बसते. माझी सगळी नोकरी तिच्या या टेकण्यावर उभी आहे.

मी फवारणी कामगार. लोकांना वाटतं आम्ही धूर सोडतो. धूर सोडणारे वेगळे, ते शहरात असतात, त्यांच्यामागे पोरं पळतात. आमच्यामागे कोणी पळत नाही. आम्ही घरात शिरतो आणि भिंतींना औषध मारतो. एक बादली, बादलीत पंप. एकाने पंपाचा दांडा वरखाली करायचा, दुसऱ्याने नळी धरून भिंतीवर पट्टे ओढायचे. पट्ट्याशेजारी पट्टा, मध्ये फट ठेवायची नाही. भिंत वाळली की तिच्यावर पिठासारखा बारीक थर राहतो. मादी येते, टेकते, पाय त्या थराला लागतात आणि मरते. दोन-अडीच महिने हे चालतं. अट एकच, भिंत तशीच राहिली पाहिजे.

आठवीत शाळा सोडलेल्या माणसाने दिवाळी अंकात लिहावं का, असं मी संपादकांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते हो म्हणाले. चौथ्यांदा विचारणार होतो, पण फोन ठेवताना त्यांचा आवाज जरा वेगळा वाटला.

माझं गाव सांगोल्याकडे. तिथे पाणीच नाही, त्यामुळे डासही बेताचेच. गोंदिया जिल्ह्यात आलो तो मामाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून. सडक अर्जुनीला ट्रक बिघडला. सामान नागपूरहून यायचं होतं, ते आठ दिवस येत राहिलं. आम्ही ढाब्यावर पडून. तिथे जेवायला आलेल्या एका माणसाने विचारलं, फवारणीला माणसं पाहिजेत, पोरगा येतो का. हंगामी काम होतं. मामा म्हणाला, जा, ट्रक दुरुस्त होईपर्यंत. ट्रक दुरुस्त झाला, मामा गेला, मी अजून इथेच आहे. आई फोनवर विचारते, "आज किती मारलंस रं?" मी काहीतरी आकडा सांगतो. तिला बरं वाटतं.

खरं सांगायचं तर किती मेले हे कोणालाच कळत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरला बरा झालेला माणूस पेढे आणून देतो. ज्याला ताप आलाच नाही तो माणूस आमच्याकडे पेढे घेऊन कशाला येईल? तो आम्हाला शिव्या देतो, कारण आम्ही त्याला घरातलं सगळं सामान अंगणात काढायला लावलेलं असतं.

ते सामान काढणं हा वेगळाच प्रकार असतो. बाहेर कितीही ऐट असली तरी फवारणीच्या दिवशी माणसाचं सगळं घर अंगणात येतं. तिरोड्याला एका निवृत्त मास्तरांनी मला सांगितलं, की त्यांच्या भाडेकरूची खोली तेवढी मारा, आमच्याकडे मच्छर नाहीत. मी म्हटलं, "गुरुजी, डास एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतो." ते म्हणाले, "माझ्या बाजूला राहत नाही." शेवटी त्यांच्या बाजूनेही मारलं, पण त्यांनी सही केली ती भाडेकरूच्या नावाने. दुसऱ्या एका गावात म्हातारबाबाने दारात काठी आडवी धरली. म्हणे मागल्या साली तुमच्या दवाईनं ढेकूण माजले. ढेकूण माजतात की नाही मला माहीत नाही. पण काठी खरी होती, म्हणून मी संध्याकाळी परत गेलो. संध्याकाळी तो झोपला होता. सुनेने सांगितलं, मारा पटकन.

माझा जोडीदार डोमा. तो पंपावर, मी नळीवर. डोमा इथलाच, जंगलाकडच्या गोंड घरातला. मला पहिल्या दिवसापासून 'पावना' म्हणतो. पावना म्हणजे पाहुणा. इतकी वर्षं झाली, माझं लग्न इथे झालं, राशन कार्ड इथलं आहे. तरी मी पावनाच. एकदा म्हटलं, "आता तरी नाव घे की." तर म्हणतो, "नाव घेऊन का करू गा? पावना म्हटला का घरची बाई एक भाकर जास्त टाकते."

ज्या टोल्याची, म्हणजे वाडीची, गोष्ट सांगायची आहे त्याचं नाव मी देत नाही. लोक तिथेच राहतात आणि त्यांचं काही चुकलेलं नाही. सडक अर्जुनीपासून आत, जंगलाच्या काठाला वीस-बावीस घरं. पहिल्या घरात फुलवंताबाई राहायच्या. म्हणजे अजून राहतात. मुलगा जंगलखात्याच्या कामावर, सून सुनिता, थोडी धानाची शेती.

पहिल्याच हंगामात मला त्या टोल्यात थंडी वाजून ताप भरला. मलेरिया. मच्छरवाल्याला मलेरिया झाला, ही बातमी औषधापेक्षा लवकर पसरली. उठवत नव्हतं, म्हणून फुलवंताबाईंनी मला त्यांच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, खाटेवर टाकलं. सुनिता तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. ती भाताची पेज करून आणायची आणि खाटेजवळ ठेवून पळायची. आशाताईने गोळ्या दिल्या. फुलवंताबाईंनी पेटीतून कोरी मच्छरदाणी काढली. सरकारी, आमच्याच खात्याने आदल्या साली वाटलेली. घडीसुद्धा मोडली नव्हती.

मी विचारलं, "मावशी, ही वापरत का नाही?"

"नवी आहे ना बापू. पावन्यासाठी ठेवली."

चार दिवस मी त्या मच्छरदाणीत आणि बाकी सगळं घर बाहेर. डासांपासून लोकांना वाचवायला सरकारने मला पाठवलं होतं. मला सांगायचं होतं की मावशी, हे उलटं झालं. पण अंगात ताप होता आणि पेज गरम होती. मी काही बोललो नाही. या घरात न बोलण्याची माझी ती पहिली वेळ.

आमच्या कामात घरोघरी तीन वाक्यं बोलायची असतात. एक, खाण्यापिण्याचं झाका. दोन, भिंत वाळेपर्यंत आत जाऊ नका. तीन, पुढचे दोन-अडीच महिने भिंत सारवू नका, पोतू नका, धुऊ नका. पहिल्या साली मी तिन्ही म्हणायचो. दुसऱ्या सालापासून तिसरं वाक्य जरा लांब वाटायला लागलं.

तीन वाक्यांशिवाय एक काम असतं. फवारणी झाली की घराच्या दर्शनी भिंतीवर चौकट काढायची. तिच्यात तारीख, कितवी फेरी, किती खोल्या होत्या, किती मारल्या. याला सगळे 'नंबर' म्हणतात. वरचे साहेब तपासायला येतात तेव्हा ते डास मोजत नाहीत, नंबर बघतात. नंबर आहे म्हणजे घर झालं. नंबर पुसला गेला म्हणजे घर राहिलं, कामगार खोटा.

नंबरासाठी पत्र्याचा ठसा असायचा. तो तिसऱ्या साली नाल्यात पडला. आमच्या सुपरवायझरांचं आडनाव पटले. ते बोलायचे गोंदियाच्या हिंदीत. ते म्हणाले, "अरे यार, हाथ से लिख दे. किसका अक्षर अच्छा है?"

शाळेत माझी एकच गोष्ट चांगली होती. गुरुजी म्हणायचे, अक्षर उत्तम आहे, मजकूर नाही. मी हात वर केला. त्या साली प्रत्येक घरावर मी गेरूने सरळ चौकट आखली, आत वळणदार आकडे काढले. मजकूर सरकारचाच होता, त्यामुळे चुकायची भीती नव्हती. डोमा म्हणायचा, "चल गा लवकर, लग्नपत्रिका लिहून रायला का?"

मला मात्र एक काळजी लागली. मला काळजी लागायला फार लागत नाही. त्या साली हंगामी कामगारांपैकी कोणाला कायम ठेवायचं याची यादी व्हायची होती. तपासणीवर ठरणार, असं पटलेंनी सांगितलं होतं. मग मी दर घरी एकच वाक्य बोलायला लागलो. फुलवंताबाईंनाही तेच म्हणालो.

"मावशी, बाकी काहीही होऊ द्या, या चौकटीला हात लावू नका. हे पुसलं तर माझी नोकरी गेली."

त्यांनी चौकटीकडे नीट पाहिलं. "इतकं मोठं काम हाय याचं?"

"हो. यावरच सगळं आहे."

"मंग कोनी हात नाही लावनार. सगळ्या टोल्याले सांगून देतो."

इकडच्या बाया 'सांगते' म्हणत नाहीत, 'सांगतो' म्हणतात. आणि म्हणतात तसं करतात. सांगितलं त्यांनी सगळ्या टोल्याला.

आठ दिवसांनी पोळा आला. पोळ्याला घरं सारवायची इथली रीत आहे. पावसाने भिंतींचे पोपडे निघालेले असतात, बैल दारात यायचे असतात. बाया जंगलाच्या कडेहून छुई आणतात. छुई म्हणजे पांढरी चिकणमाती. ती पाण्यात कालवून हाताने भिंतीला लावतात, आतून बाहेरून, पार देवाच्या खोलीपर्यंत. भिंत दुधासारखी होते.

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी तपासणी लागली. वरून डॉक्टर साहेब आले, पटले, मी, डोमा. फुलवंताबाईंच्या सपरीत पाय टाकला. सगळं घर सारवलेलं होतं. आत, बाहेर, वर आढ्यापर्यंत. आणि मधोमध माझी चौकट, जशीच्या तशी. तिच्या कडेला बोटभरही छुई गेली नव्हती. वर चौकटीभोवती गेरूची वेल काढली होती, पानाफुलांची. पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. सगळ्या टोल्याने औषध झाकलं होतं आणि नंबर जपला होता.

डॉक्टर साहेबांनी मोबाइल काढला. "वा! अक्षर कोणाचं?"

"इसका, सर," पटले म्हणाले.

"याला म्हणतात लोकसहभाग. असा टोला मी बघितला नाही." त्यांनी सहा-सात फोटो घेतले. एकात मीही आहे. हसतोय.

साहेब पुढे गेले तसा मी आत जाऊन खोलीच्या भिंतीवर नख ओढलं. नखात छुई आली. औषध तिच्या आत, डास तिच्या बाहेर. डोमा मागेच उभा होता.

"काऊन गा पावना, सांगत नाही साहेबाले?"

"तू सांग."

"मी पंपावर आहो. बोलाचं काम नळीवाल्याचं."

मी दाराकडे वळलो तर तिथे फुलवंताबाई उभ्या. मला म्हणाल्या, "बरोबर आहे ना बापू? एक आकडा नाही पुसू देल्ला."

मी म्हणालो, "हो मावशी. छान ठेवलं." आणि साहेबांच्या मागे निघालो.

त्या वेळी डोक्यात काय होतं, ते आता सोयीने आठवायला नको. सांगितलं असतं तर वीस घरं पुन्हा मारावी लागली असती. त्या फेरीचं औषध संपलं होतं. पहिला प्रश्न आला असता, की सारवू नका असं यांना कोणी सांगितलं नाही का. त्या प्रश्नाचं उत्तर मी होतो. यादीत माझं नाव आलं. मी गावाकडे फोन करून आईला सांगितलं. तिने सांगोल्यात साखर वाटली.

महिना-सव्वा महिन्याने टोल्यात ताप सुरू झाला. आधी दोन पोरं, मग एक म्हातारा. मग आशाताईचा पटलेंना फोन आला, की फुलवंताबाईच्या सुनेचं रक्त किटवर तपासलं, वाईट जातीचा मलेरिया निघाला आहे, तिला सातवा महिना आहे, आणि ती नीट बोलत नाही. रुग्णवाहिका दुसरीकडे गेली होती. आमची फवारणीची गाडी जवळच्या गावात होती. पटले म्हणाले, "बादल्या उतरवा."

बादल्या उतरवल्या. मागच्या बाजूला औषधाची पोती होती, त्यांच्यावर गोधडी टाकून सुनिताला निजवलं. डोकं फुलवंताबाईंच्या मांडीवर. नवरा पुढे. मी आणि डोमा पायांशी. ती मधूनच डोळे उघडायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "पेज पिली का भाऊ?" तिला वाटत होतं मीच आजारी आहे.

गोंदियाला दाखल केलं. रक्त लागेल म्हणाले. माझा गट जुळला नाही. डोमाचा जुळला. तो रक्त देऊन आला आणि बाकावर बसला. आमचं बोलणं पंपाच्या ठेक्यावर चालतं, पंप नसला की अडतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फुलवंताबाई वॉर्डाच्या बाहेर आल्या, माझ्याशेजारी बसल्या. पदराला पोळ्याच्या छुईचे डाग अजून होते. मला शांतपणे विचारलं. रागाने नाही, जसं एखादं यंत्र बंद पडलं की मिस्त्रीला विचारतात तसं.

"नंबर तं जपला होता बापू. मंग मच्छर आला कसा?"

मी म्हणालो, "बघतो मावशी."

डोमा उठून बाहेर निघून गेला.

सुनिता वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगा होता.

टोल्यात ताप निघाला म्हणून वरून औषध आलं आणि घरं पुन्हा मारायचा हुकूम आला. कामाला लागायच्या आधी मी पटलेंना गाठलं. रात्रभर वाक्य पाठ केलं होतं. म्हटलं, "साहेब, तपासणीच्या दिवशी भिंती सारवलेल्या होत्या. मी पाहिलं होतं. बोललो नाही."

पटलेंनी तंबाखू मळणं थांबवलं नाही. "देखा तो मैंने भी था, यार."

"आणि डॉक्टर साहेबांनी?"

"वो तो फोटो निकाल रहे थे."

मग म्हणाले, "आता काय करतो? कागज पे लिखूं क्या?" मी म्हटलं लिहा. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. लिहिलं की नाही मला माहीत नाही. मला कोणी काही विचारलं नाही. मी बरेच दिवस वाट पाहिली.

टोल्यातली सगळी घरं आम्ही मारली, फुलवंताबाईंचं सोडून. त्याला कुलूप होतं. सुनिताला घेऊन त्या अकरा दिवसांनी परत आल्या. त्यानंतरच्या सकाळी मी आणि डोमा बादली घेऊन गेलो. सुनिता सपरीत भिंतीला टेकून उन्हात बसली होती, अंगावर चादर. फुलवंताबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. माझी चौकट वेलीसकट भिंतीवर होती.

मी बादली खाली ठेवली. डोमाने पंपाचा दांडा धरला, पण हलवला नाही.

"मावशी, एक सांगायचं आहे. चूक माझी आहे. नंबराने मच्छर मरत नाही. औषध सगळ्या भिंतीला होतं. तुम्ही सारवलं तेव्हा ते झाकलं गेलं. सारवू नका हे मी सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. नंतर दिसलं, तरी बोललो नाही."

सूप चालूच होतं. "त्या दिवशी तू अंदर जाऊन नखानं भीत खरवडली. मी पाहून रायली होती."

"हो."

"तवाच मनात आला होता, याले काही तरी दिसला. मंग बोलला काऊन नाही?"

"नोकरी जाईल म्हणून."

"गेली का?"

"नाही. पक्की झाली."

सूप थांबलं. त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. "बरं झालं. कोनाचं तं भलं झालं."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं की खरंच म्हटलं, मी अजून ठरवू शकलो नाही. दोन्ही अर्थांनी तेवढंच लागतं.

मग त्या उठल्या, आतून टोपलं आणलं. त्यात कालवलेली छुई होती. माझ्या पायाशी ठेवलं.

"बुजव."

"काय?"

"तुजा नंबर. जो कामाचा नाही तो भितीवर कायले?"

मी हात बुडवला आणि चौकटीवर छुई थापली. आयुष्यात कधी सारवलं नव्हतं. आमच्याकडे दगडी घरं आणि सारवायला बहिणी. गोळा खाली घसरला, आकडे मधूनमधून वर आले, वेल फिसकटली. डोमा म्हणाला, "अरे, भीत हाय ती, पोळी नाही." कोणी हसलं नाही. मग सुनिता बोलली. दवाखान्यापासून ती फारशी बोलली नव्हती, असं तिच्या नवऱ्याने आम्हाला वाटेत सांगितलं होतं.

"असं नाही भाऊ. हात उभा नोको धरू. आडवा धर. बोटं जुळवून."

मी आडवा धरला. बोटं जुळली नाहीत. पुन्हा एकदा ओढून पाहिलं. ती म्हणाली, "राहू दे. वाळल का दिसनार नाही."

वाळल्यावर दिसलं. पाची बोटांचे पाच चर, कोपऱ्यात तळव्याचा ठसा. फुलवंताबाईंनी ते बघितलं आणि आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता मार तुजी दवाई. सगळी भीत."

मी मारली. पट्ट्याशेजारी पट्टा. डोमाने पंप इतका एकसारखा कधी मारला नव्हता. नंबर मी दाराच्या लाकडी फळीवर लिहिला. फळी कोणी सारवत नाही. हे इतकं साधं होतं, पण सुचायला एवढं सगळं व्हावं लागलं.

त्या सालापासून मी एक काम वाढवलं आहे, ते कोणत्याही कागदावर नाही. फेरीच्या पंधरा दिवस आधी सायकलवर टोल्यांमध्ये जातो आणि बायांना विचारतो, पोळ्याचं सारवण कधी धरलं? त्यांनी सांगितलं की पटलेंकडे जाऊन गावांचा क्रम बदलून मागतो. पटले म्हणायचे, "कार्यक्रम ऊपर से आता है." मी म्हणायचो, "सारवण खालून येतं साहेब." तीन-चारदा असं झालं. मग एक दिवस त्यांनी न बोलता दोन गावं मागेपुढे केली. आता ते निवृत्त झाले, पण क्रम तसाच चालतो. नव्या लोकांना वाटतं तो वरून आला आहे.

तिसरं वाक्य मी आता पहिलं बोलतो. फुलवंताबाईंच्या टोल्यात तेही बोलावं लागत नाही. आम्ही दिसलो की त्याच पुढे होऊन घरोघर हाका मारतात. "अवं, सारवून झालं का? पावना येऊन रायला. एकदा दवाई मारली का दिवाळीपावतर भितीले हात लावाचा नाही, सांगून ठेवतो." कोणी कुरकुर केली तर त्या सुनिताकडे बोट दाखवतात. सुनिताला पुढे मुलगी झाली. ती अंगणवाडीत जाते आणि मला मच्छरमामा म्हणते. पेटीतली मच्छरदाणी आता तिच्यावर असते. पावन्यासाठी दुसरी आणून ठेवा, असं मला फुलवंताबाईंनी बजावलं आहे. मी आणून दिली आहे. ती पेटीत आहे.

मी अजूनही घाबरतो. फेरी संपली की टोल्याटोल्यात परत जाऊन भिंतीवर नख ओढतो. नखात काय येतं ते बघतो. डोमा म्हणतो, "पावना, तुजी नखं सरकारजमा होनार एक दिवस."

गेल्या फेरीला नवीन डॉक्टर मॅडम तपासणीला आल्या. तरुण आहेत, भिंतीला हात लावून बघतात, मला बरं वाटलं. फुलवंताबाईंच्या सपरीत त्या थांबल्या. भिंत त्या साली पोळ्याआधी सारवलेली, वर आमचं औषध, सगळं रीतसर. फक्त मधोमध वीतभर जागा जुनीच होती, पिवळी पडलेली, पाच चर असलेली. तिच्या कडेकडेने नवी छुई नीट वळवून नेली होती.

मॅडमनी विचारलं, "आजी, सगळी भिंत सारवली, मग एवढीच जागा का सोडली?"

मी दाराच्या फळीवरचा नंबर तपासायला लागलो. तो बरोबरच होता.

फुलवंताबाई म्हणाल्या, "ते आमच्या मच्छरवाल्याचं अक्षर हाय बाई. ते मिटवाचं नाही."